काचतंतूंची काठी

मासे धरण्याची काठी ती काय, आणि तिचे कौतुक ते काय, असे पुष्कळांना वाटेल. पैनगंगेच्या काठी गळ टाकून बसणारा आदिलाबादकडील माणूस एक सरळ बांबू घेतो, शेंड्याला दोरी बांधतो, आणि त्याचे काम भागते. परंतु जुन्या फायबरग्लासच्या काठीवर जीव जडलेले शौकीन जगभर आहेत. त्यांच्या प्रेमाचे मर्म या बांबूतूनच उलगडते.

आदिलाबादच्या रानात मानवेल नावाचा भरीव बांबू वाढतो. या रानांतील बांबूपासून सिरपूर कागद गिरणीने कागद केला. गिरणीचे कागजनगर २०१६ पासून आसिफाबाद जिल्ह्यात आहे. मानवेलीच्या जातीचा मानला जाणारा बांबू एकोणिसाव्या शतकात कलकत्त्याहून विलायतेस जाई. तेथील कारागीर त्याच्या सहा पट्ट्या तासून एकमेकींस चिकटवीत व गळाची डौलदार काठी घडवीत. पुढे चीनमधील टोंकिन वेळूने त्याची जागा घेतली. १९५० साली अमेरिकेने चीनशी व्यापार बंद केला, तो वेळू दुर्मिळ झाला, आणि नुकत्याच अवतरलेल्या फायबरग्लासच्या काठीचे भाग्य उघडले.

ही काठी म्हणजे काचेचे तंतू राळेत बसवून केलेली नळी होय. काच ठिसूळ, मग ती वाकते कशी? तंतू जितका बारीक, तितका वाकताना त्याच्या पृष्ठभागावर ताण कमी पडतो. बांबूतही लांब तंतू एका नैसर्गिक द्रव्याने एकत्र बांधलेले असतात. निसर्गाचीच युक्ती येथे माणसाने काचेत उतरविली आहे.

साध्या गळाला शिशाचे वजन दूर नेते. पिसांच्या कृत्रिम माशीला मात्र वजनच नसते. म्हणून येथे दोरीच जड असते. काठी मागे न्यावी, दोरी पाठीमागे सरळ होईपर्यंत क्षणभर थांबावे, मग पुढे आणावी. दोरीच्या भाराने काठी वाकते. त्या वाकण्यात साठलेली शक्ती काठी सरळ होताना दोरीला मिळते.

१९७० च्या दशकात कार्बनतंतूंच्या काठ्या आल्या. त्या अधिक हलक्या, अधिक ताठ. त्यांनी दूरचा पल्ला गाठता येतो. मग जुनी काठी का जपावी? लहान नदीत दूर फेकायचेच नसते. थोड्याशा दोरीने ताठ काठी वाकत नाही. फायबरग्लासची मात्र पार मुठीपर्यंत वाकते, आणि माशाचा हिसका स्वतः सोसून बारीक दोरी तुटू देत नाही. उतावळ्या हाताला ती दाद देत नाही, थांबणे शिकविते.

तिला वाळवी लागत नाही, पावसाचे भय नाही. मात्र उन्हाने तिची राळ व वेष्टन खराब होते. म्हणून ती पुसून, कोरडी करून, कापडी पिशवीत सावलीत ठेवावी. कड्या घट्ट आहेत ना, सांधा स्वच्छ आहे ना, हे पाहावे.

थांबण्याचा हा धडा काठीपुरताच नसावा. पावसाळ्यात आपल्या नद्यांतील कित्येक मासे अंडी घालण्यासाठी प्रवाहाविरुद्ध वर चढतात. त्या दिवसांत काठी खुंटीला टांगलेली बरी. नदीत मासा उरला, तरच काठीला अर्थ उरेल.