जाळीदार वीकेंड

मॉलच्या शोकेसमधला तो लालचुटुक फोल्डिंग बार्बेक्यू बघितला की कुठल्याही क्युबिकलवाल्याच्या डोक्यात पिक्चर सुरू होतो. तळ्याचा काठ, गार वारा, गिटार आणि जाळीवर चुर्र वाजणारं चिकन. आमच्याही डोक्यात तो सुरू झाला. सहा जणांत काँट्रिब्यूशन काढून बार्बेक्यू घेतला आणि डिसेंबरातल्या एका शनिवारी मुळशीकडच्या ओळखीच्या काकांच्या शेतावर थडकलो.

पिक्चर अर्ध्या तासात आपटला. बार्बेक्यूचे चार नाजूक पाय ढेकळांत रुतले, सगळं धूड कलंडलं आणि रात्रभर मॅरिनेट केलेलं निम्मं चिकन राखेत गेलं. उरलेलं वरून कोळसा नि आतून कच्चं. काका हे सगळं बांधावरून बघत होते. काही न बोलता गोठ्यामागे गेले आणि लोखंडी घमेलं घेऊन आले. "बाबांनो, आधी ह्याच्यात निखारा तर पाडा!" तीन दगडांवर घमेलं, घमेल्यात निखारे, वर काकूंची वांगी भाजायची जाळी. त्या रात्री जे जेवलो ते त्या घमेल्यावरच.

तर पहिला फंडा हाच. आपण ज्वाळेवर भाजायला जातो आणि भाजायचं असतं निखाऱ्यावर. ज्वाळेत पदार्थाचं कातडं करपतं, आतपर्यंत उष्णता पोचत नाही आणि धुराचा कडवटपणा येतो तो वेगळाच. कोळसा पेटवल्यावर वीस-पंचवीस मिनिटं गप्प बसायचं. (ग्रुपमधल्या भुकेल्या मंडळींना शेंगदाणे द्या.) निखाऱ्यांवर राखाडी थर आला की जाळीच्या उंचीवर तळहात धरायचा. दोन-तीन सेकंदांत मागे घ्यावा लागला तर आच कडक, पनीर-सिमला मिरचीला चालेल. चार-पाच सेकंद टिकला तर मध्यम, ही चिकनची आच. निखारे एका बाजूला जास्त आणि दुसऱ्या बाजूला कमी ठेवले की एकाच जाळीवर दोन गॅस मिळतात. चिकन हाडाजवळ कापून बघा, रस गुलाबी असेल तर अजून वेळ आहे. आणि पेटवायला रॉकेल-पेट्रोल अजिबात नको. खाली वर्तमानपत्राचे बोळे, वर कोळसा, एवढं पुरतं.

आता रेडीमेड घ्यायचाच असेल तर रंग बघू नका, पाय बघा. रुंद बैठकीचा, बुटका ग्रिल शेतात, वाळूत, कुठेही उभा राहतो. जाळीच्या काड्या हाताने वाकत असतील तर तापल्यावर चिकनच्या वजनाने झोळ येणारच. निखारे आणि जाळी यांत चार बोटांपेक्षा कमी अंतर असेल तर सोडून द्या. झाकण, थर्मामीटर, बाजूचा ट्रे वगैरे मिरवायला छान, पण पाठीवर तुम्हालाच न्यायचंय.

जुगाडू मंडळींसाठी मात्र घमेल्याला तोड नाही. बांधकामावरचं, लोखंडी. (हे सांगावं लागतं, कारण हल्ली प्लॅस्टिकचीही मिळतात!) नवं असेल तर एकदा रिकामंच कडक तापवून वरचा रंग जाळून टाका आणि त्या धुरापासून लांब राहा. तळाला पाच-सहा भोकं पाडून घेतली की हवा खेळते. खाली दगड ठेवल्यामुळे जमीन भाजत नाही आणि निघताना राख त्यातच भरून आणता येते.

जाळीच्या बाबतीत मात्र जुगाड बेताने. हार्डवेअरच्या दुकानात कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात ती चकचकीत जाळी स्वस्त मिळते, आणि अनेकजण तीच उचलतात. ती जीआय, म्हणजे लोखंडावर जस्ताचा मुलामा. जस्त ४१९ अंश सेल्सियसला वितळतं आणि फुललेला निखारा त्याच्या बराच पुढे असतो. जस्ताचा धूर छातीत गेला तर काही तासांनी थंडी वाजून ताप येतो, मळमळतं. वेल्डिंगवाल्यांना हे दुखणं चांगलं माहीत आहे. जुन्या फ्रिजचा रॅकही नको, कारण त्यातल्या काहींवर कॅडमियमचा मुलामा असायचा आणि ते जस्तापेक्षा वाईट. दुकानदाराला सरळ विचारा, "जीआय की एसएस?" स्टीलची जाळी घ्या, नाहीतर घरातली पापड-वांगी भाजायची जाळी आईला विचारून न्या. विचारून!

खरं म्हणजे जाळीवाचूनही आपल्याकडे पार्ट्या झाल्याच आहेत. हुरड्याला लागते जमिनीतली आगटी आणि गोवऱ्यांचा विस्तव, बस. रायगडातल्या पोपटीला तर फक्त मडकं. आत भांबुर्ड्याचा पाला, वालाच्या शेंगा, अंडी, बटाटे, हवं तर चिकन, मीठ आणि ओवा. पाण्याचा थेंब नाही. मडकं उलटं ठेवून भोवती जाळ करायचा. ग्रिल घरी विसरलात तर रताळी आणि कणसं सरळ निखाऱ्यात पुरा, कणसाची सालं न काढता.

जागा मात्र जपून. दिवाळीनंतर सह्याद्रीतलं गवत नुसतं वाळून बसलेलं असतं, एक ठिणगी उडाली की वणवा. राखीव जंगलात, वनखात्याने मुभा दिलेला काळ सोडला तर, आग पेटवणं हा १९२७च्या भारतीय वन कायद्याने गुन्हा आहे. त्यामुळे शेत निवडा, मालकाला विचारा, भोवतीचं गवत दोन-तीन पावलं साफ करा, पाण्याची बादली हाताशी ठेवा. ओढ्यातले ओले दगड चुलीला नकोत, आतलं पाणी तापून ते फुटतात.

त्या रात्रीचं एक राहिलंच. जेवणं झाली, थंडी वाढली आणि आमच्यातल्या एका हुशाराने घमेलं उचलून तंबूत ठेवलं. धूर नव्हता, नुसते लाल निखारे, मस्त ऊब. चेन लावून आम्ही तिघं आडवे झालो. थोड्या वेळाने डोकं जड झालं, माझ्या शेजारच्याला मळमळायला लागलं. आम्हाला वाटलं, चिकन कच्चं राहिलं असणार. धूर थांबला तरी कोळसा कार्बन मोनॉक्साइड सोडतच असतो. त्याला वास नाही, रंग नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनच्या दोनशेपटींहून जास्त ओढीने चिकटतो. पाठोपाठ येते झोप, आणि तिथेच माणसं संपतात.

काका बैलांना वैरण टाकायला उठले होते. तंबूत लाल उजेड दिसला म्हणून त्यांनी चेन ओढली, घमेलं बाहेर फेकलं आणि आम्हा तिघांना दंडाला धरून उघड्यावर आणून बसवलं. मग मोजून तीन वाक्यं बोलले, जी छापण्यासारखी नाहीत. निखाऱ्यांवर बादलीभर पाणी ओतून ते परत वैरणीकडे गेले. आम्ही पहाटेपर्यंत घोंगड्या पांघरून बाहेरच बसलो.

लाल बार्बेक्यू आता काकूंकडे असतो. त्यात त्यांनी पुदिना लावलाय.