डोंगरावरची शाळा, पायथ्याची कोठी

नेहमीप्रमाणे हे या भागाचं लिखित रूप. बसमध्ये इअरफोन विसरलेल्यांसाठी!

गिर्यारोहणाच्या आणि आउटडोर कोर्सेसच्या रील्स तुम्ही पाहिल्याच असतील. बर्फ, तंबू, पाठीवर भलीमोठी सॅक. त्या बघून मला एक प्रश्न हमखास येतो, "मला डोंगरात काम करायचंय, पण मी काही क्लाइंबर नाही. मला कोण घेणार?" आजचा भाग तुमच्यासाठी. कारण प्रत्येक कोर्सच्या मागे एक कोठी असते, आणि ती चालवायला माणसं लागतात. मी स्वतः दोन सीझन उत्तराखंडात, कुमाऊंमध्ये, हेच काम केलं.

कोठीवर नेमकं काय चालतं?

कोर्स सुरू व्हायच्या दोन-तीन आठवडे आधीपासून कोठी जागी होते. किराणा हल्द्वानीच्या बाजारातून घाऊक आणायचा. तंबू एकेक करून उभे करायचे, शिवण तपासायची, खुंट्या मोजायच्या. स्टोव्ह पेटवून बघायचे. स्लीपिंग बॅगांच्या चेन वरखाली करायच्या. मग मुलं काठगोदामला रेल्वेने उतरली की त्यांना बेसवर आणणं, सामान वाटणं, सही घेणं. कोर्स वर गेला की खाली पुढच्या टप्प्याचं रेशन तयार करणं. आणि कोर्स परतला की सगळं धुणं, वाळवणं, मोजणं, शिवणं. यात ग्लॅमर शून्य आहे. पण वर एक खुंटी कमी पडली तर तिथे दुकान नाही, हे डोक्यात पक्कं बसलं की मोजायचा कंटाळा येत नाही.

९०० ग्रॅमचं गणित

आता खाण्याचं बघू. इथेच खरी गंमत आहे. एक पद्धत अशी की, रोजचा मेनू ठरवायचा आणि प्रत्येक जेवणाची पिशवी वेगळी बांधायची. दुसरी पद्धत अमेरिकेतल्या नॅशनल आउटडोर लीडरशिप स्कूलमुळे, म्हणजे 'नोल्स'मुळे, जगभर माहीत झाली. पॉल पेट्झोल्ट या गिर्यारोहकाने १९६५ साली वायोमिंगमधल्या लँडर गावी ही संस्था काढली. त्यांच्याकडे मेनू नसतो. माणशी रोज दीड ते अडीच पौंड, म्हणजे अंदाजे ७०० ग्रॅम ते १.१ किलो, कोरडा शिधा वजनावर देतात. त्यातून काय शिजवायचं ते मुलांनी ठरवायचं.

आम्हीही वजनावरच द्यायचो, माणशी ९०० ग्रॅम. समजा १२ मुलं आणि ३ इन्स्ट्रक्टर, एकूण १५ जण, ३० दिवसांचा कोर्स. गुणाकार करा: ४०५ किलो. माणशी २७ किलो, नुसतं खाणं! त्यावर तंबू, कपडे, दोर, रॉकेल. कोण उचलणार? म्हणून दहा-दहा दिवसांचे तीन टप्पे करायचे. मग माणशी ९ किलो येतात, आणि दर दहा दिवसांनी वाटेत कुठेतरी रेशन पोचवावं लागतं. यालाच री-रेशन म्हणतात. कोठीवाल्याची परीक्षा असते ती इथे.

काय द्यायचं हेही उंची ठरवते. ३,००० मीटरवर पाणी साधारण ९० अंशांनाच उकळतं. तिथे राजमा तासन्‌तास दगडासारखा राहतो आणि रॉकेल मात्र संपून जातं. म्हणून मसूर, मूगडाळ, पोहे, दलिया, दूध पावडर, गूळ-शेंगदाणे.

उरलेलं अन्न काय सांगतं?

मला सुरुवातीला वाटायचं, मेनू बांधून दिला तर मुलांचा त्रास वाचेल ना! तर नाही. पहिल्या चार दिवसांत सगळे गूळ-शेंगदाणे खाऊन टाकले की उरलेले सहा दिवस दलियाच समोर येतो, हे एकदा अनुभवलं की गट बसून हिशोब करायला लागतो. हा कोर्सचाच धडा आहे. आमचं काम त्यांचा स्वयंपाक सोपा करण्याचं नाही. हिशोब चुकला तरी कोणी उपाशी पडणार नाही, एवढं पुरेसं देणं हे आमचं काम. म्हणून परत आलेली प्रत्येक पिशवी वजन करून लिहून ठेवायची. दलिया दर वेळी परत यायचा! पुढच्या कोर्सला तो कमी, पोहे जास्त.

रस्ता बंद झाला तर?

एका सप्टेंबरमध्ये आमचा कोर्स सुंदरढुंगा खोऱ्यातून उतरून खाती गावात येणार होता. पिंडारी हिमनदीच्या वाटेवरचं हे शेवटचं गाव. तिथे रेशन घेऊन ते पुढे पिंडारीकडे जाणार. आम्ही १३५ किलो घेऊन जीपने निघालो आणि कपकोटच्या पुढे दरड. रस्ताच नाही. वरच्या गटाशी संपर्क नाही, आणि त्यांच्याकडे एका जादा दिवसाचं खाणं.

सुटलो ते दोन जुन्या सवयींमुळे. पहिली, हा जादा दिवस: प्रत्येक टप्प्यात तो धरायचाच. दुसरी, पोती १५ किलोची बांधायची, एका माणसाला उचलता येतील अशी. वरून दगड येणं पूर्ण थांबेपर्यंत कोणी जागचं हललं नाही. मग नऊ पोती पाठीवर घेऊन पलीकडे नेली आणि तिकडची जीप केली. पुढे खेचरं. आमच्या खेचरवाल्या दाज्यूंचा नियम होता, एका जनावरावर ५० किलोच्या आत. म्हणजे धान्याला तीन खेचरं, आणि रॉकेलला चौथं वेगळं, कारण कॅन गळला तर पीठ वाया जातं. (दाज्यू म्हणजे कुमाऊंनीत दादा.) दुसऱ्या दिवशी दुपारी रेशन खातीला पोचलं. मुलांचा जादा दिवस तेवढा संपला होता.

पगार आणि उरलेले महिने

आता खरं बोलू. हे काम हंगामी आहे. हिमालयात मुख्यतः मे-जून आणि सप्टेंबर-ऑक्टोबर. पावसाळ्यात आणि थंडीत पगार नाही. घरी "मग बाकी महिने काय?" हा प्रश्न येतोच, आणि तो रास्त आहे. माझं उत्तर होतं सह्याद्री. आपल्याकडे शिबिरांचा जोर नोव्हेंबर ते फेब्रुवारीत, म्हणजे तिकडचा हंगाम संपला की इकडचा सुरू. तरीही पावसाळा रिकामा जातो, त्यासाठी पैसे बाजूला ठेवावे लागतात.

होकार देण्याआधी चार गोष्टी विचारा. पगार महिन्याचा की दिवसाचा? राहणं-जेवण धरून की वेगळं? अपघात विमा कुणाच्या नावावर? कोर्स रद्द झाला तर पैसे मिळतात का? उत्तरं लेखी घ्या. आणि तुमच्याबरोबरच्या खेचरवाल्यांचा, भारवाहकांचा विमा आहे का, तेही विचारा. त्यावरून संस्था कळते.

काय यायला हवं? स्प्रेडशीट, चालणारी हिंदी, स्टोव्ह खोलून साफ करता येणं, आणि मोजलेलं पुन्हा मोजायची तयारी. गाडी चालवता येत असेल तर उत्तमच.

तुमच्यापैकी कुणी असं काम केलं असेल, तर तुमच्या कोठीवर दर वेळी काय उरायचं ते व्हॉइस नोटवर नक्की सांगा. भेटू पुढच्या भागात!