नळावरची मोटार आणि छपरावरचा बूस्टर

सोलापुरातील एका कचेरीत अलीकडेच पाहिलेला प्रसंग आहे. इमारत जुनी, दगडी. भिंती दोन हात रुंद. एक विडी कामगार बाई कसल्याशा अनुदानाच्या नोंदणीसाठी आल्या होत्या. लिपिकाने संगणकावर त्यांचा आधार क्रमांक भरला आणि मोबाईलवर आलेला ओटीपी विचारला. मोबाईलवर काहीच आले नव्हते. ‘मावशी, इथं रेंज नाही. बाहेर लिंबाखाली जाऊन या,’ लिपिक म्हणाला. बाई अंगणातल्या लिंबाखाली गेल्या. तेथे आकडा आला. तो तोंडाने घोकत, जिना चढून त्या परतल्या, तोवर त्या आकड्याची मुदत संपली होती. असे तीनदा झाले. रांगेतली माणसे हसली, बाईही हसल्या. परंतु हसण्यासारखे त्यात काही नव्हते. त्या दिवसाची त्यांची मजुरी बुडाली होती.

रेंज हा शब्द आता मराठीने आपलासा केला आहे. तो नसणे ही काल-परवापर्यंत गैरसोय होती. आज तो नसणे म्हणजे हक्काच्या दारावर कुलूप असणे होय. निवृत्तिवेतनधारकाचा हयातीचा दाखला, शिधापत्रिकेची पडताळणी, विद्यार्थ्याचा शिष्यवृत्तीचा अर्ज, बँकेतील व्यवहार या सर्वांची किल्ली मोबाईलवर येणाऱ्या चार-सहा आकड्यांत जाऊन बसली आहे. २०२५ मध्ये ‘लाडकी बहीण’ योजनेतील महिलांना ई-केवायसी करावयास सांगण्यात आले, तेव्हाही पडताळणीची वाट या आकड्यांतूनच जात होती. शासनाने आपला कारभार लहरींवर सोपविला; परंतु ज्या इमारतींत हा कारभार चालतो, त्यांच्या भिंतींतून या लहरी आत येतात की नाही, याची चौकशी कोणी केली नाही.

लहरींचा स्वभाव

भिंत आणि बिनतारी लहर यांची गाठ आपल्या देशात फार जुनी आहे. १८९५ साली जगदीशचंद्र बसू यांनी कोलकात्याच्या टाऊन हॉलमध्ये विद्युत्चुंबकीय लहरी भिंतीपलीकडे पाठवून तेथील घंटा वाजवून दाखविली. बरोबर शंभर वर्षांनी, ३१ जुलै १९९५ रोजी, त्याच कोलकात्यातून मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी दिल्लीत केंद्रीय मंत्री सुखराम यांच्याशी देशातले पहिले मोबाईल संभाषण केले. लहर भिंत ओलांडते, हे पहिल्या प्रयोगाने सिद्ध केले होते. ती ओलांडताना किती झिजते, हा हिशेब मात्र दुसऱ्या घटनेनंतर आपल्या वाट्याला आला.

हा हिशेब समजण्यास कठीण नाही. सिमेंट-काँक्रीटची एक जाड भिंत लहरीची शक्ती दहाव्या हिश्शावर, प्रसंगी शंभराव्या हिश्शावर आणते. लहर जितकी लांब, तितकी ती अडथळ्यांना वळसा घालण्यात व भिंतीत शिरण्यात सामान्यतः तरबेज. ७०० मेगाहर्ट्झची लहर सुमारे ४३ सेंटिमीटर लांब असते; पाचव्या पिढीच्या सेवेसाठी वापरली जाणारी ३३०० मेगाहर्ट्झच्या आसपासची लहर जेमतेम ९ सेंटिमीटर. या आखूड लहरींवरून माहिती अधिक वेगाने जाते. पण दाराशीच त्यांची दमछाक होते. म्हणूनच रस्त्यावर ‘फाइव्ह जी’ची अक्षरे मिरविणारा मोबाईल घराच्या आतल्या खोलीत मुका होतो.

त्यात सोलापूरच्या बांधकामाची भर पडते. चैत्र-वैशाखात पारा ४२-४३ अंशांच्या घरात जाणाऱ्या या गावाने उन्हाशी झुंजण्यासाठी जाड भिंतींची, धाब्याची घरे बांधली. ऊन अडविणारी भिंत लहरीही अडविते. पुढे लोखंडी सळ्यांच्या जाळीवर उभे राहिलेले स्लॅब आले. पूर्व भागातील यंत्रमागांवर आणि औद्योगिक वसाहतीतील शेडवर पत्रे आले. पत्रा तर लहरींना आरशासारखा परतवून लावतो. अलीकडे व्यापारी संकुलांच्या दर्शनी भागाला धातूचा मुलामा दिलेल्या काचा आणि ॲल्युमिनियमचे तक्ते बसविण्याची हौस वाढली आहे. इमारत झळाळते, तळघरातल्या दुकानदाराला मात्र ग्राहकाचे पैसे खात्यात जमा झाले की नाही, हे पाहण्यासाठी जिना चढून रस्त्यावर यावे लागते.

बूस्टरचा मोह

अशा वेळी माणूस उपाय शोधतो आणि बाजार तो तत्परतेने पुरवितो. ‘बूस्टर’ या नावाने मिळणारा रिपीटर म्हणजे मुळात साधी कल्पना आहे. छपरावर टॉवरच्या दिशेने एक अँटेना, तेथून खाली येणारी केबल, मध्ये लहरींची शक्ती वाढविणारे यंत्र आणि घरात दुसरा छोटा अँटेना. टॉवरचा आवाज आत आणावयाचा आणि आतल्या मोबाईलचा आवाज टॉवरपर्यंत पोहोचवावयाचा, अशी ही दुहेरी वाहतूक. योग्य आराखड्यानुसार, टॉवर ज्याचा आहे त्या कंपनीने बसविला, तर रिपीटर हे उपयुक्त साधन आहे. बोगद्यांत, तळघरांत, मोठ्या इमारतींत त्याचा उपयोग जगभर होतो.

परंतु बाजारातून आणून स्वतःच ठोकलेला बूस्टर ही निराळी गोष्ट आहे. असे स्वस्त यंत्र संदेश आणि गोंगाट यांत भेद करीत नाही. धान्याबरोबर खडेही दळावेत, तसे ते दोन्ही वाढवून पुढे ढकलते. छपरावरचा आणि घरातला अँटेना एकमेकांस ‘ऐकू’ लागले की, लग्नाच्या मांडवात कर्ण्यासमोर माईक नेल्यावर जी कर्कश किंकाळी उठते, तशीच किंकाळी लहरींच्या भाषेत उठते. ती आपल्या कानाला ऐकू येत नाही, टॉवरला येते. चौथ्या पिढीच्या सामान्य मोबाईलची प्रक्षेपणशक्ती फार तर ०.२ वॉट. शेकडो मोबाईलांचे असे क्षीण आवाज टिपण्यासाठी टॉवर कान देऊन बसलेला असतो. त्या कानाशी कोणी अखंड शिट्टी वाजविली, तर प्रथम बुडतात ते दूरचे, दुबळे आवाज. ज्याने बूस्टर लावला त्याची रेंज सुधारल्यासारखी दिसते. चार घरे पलीकडच्या माणसाची जाते. मग तोही बूस्टर आणतो.

सोलापूरकरांना ही गोष्ट समजावून सांगण्यासाठी भौतिकशास्त्राची गरज पडू नये. उजनीचे धरण जिल्ह्यात असूनही दिवसांमागून दिवस नळाच्या पाण्याची वाट पाहण्यात या शहराने वर्षे घालविली आहेत. पाणी आले की कोणीतरी नळाला थेट मोटार लावतो. त्याची टाकी भरते, गल्लीच्या टोकाच्या घरातला नळ कोरडा पडतो आणि पुढच्या खेपेस त्या घरातही मोटार येते. अखेरीस साऱ्या गल्लीत मोटारी होतात. पाणी मात्र वाढत नाही. छपरावरचा बूस्टर ही लहरींच्या नळाला लावलेली मोटार आहे. मोटार लावणारा दुष्ट असतो असे नव्हे. तो तहानलेला असतो. परंतु सार्वजनिक तहानेवर खासगी मोटार हे उत्तर होऊ शकत नाही.

कायदा आणि गरज

कायद्याची भूमिका याबाबत स्पष्ट आहे. परवान्यावाचून बिनतारी यंत्र जवळ बाळगण्यास १९३३ च्या अधिनियमानेच मनाई केली होती. २०२२ साली दूरसंचार विभागाने पुन्हा बजावले की, परवानाधारक सेवा कंपन्यांखेरीज कोणीही मोबाईलचे बूस्टर वा रिपीटर बाळगणे, विकणे वा वापरणे बेकायदा आहे. पुढे आलेल्या २०२३ च्या दूरसंचार अधिनियमानेही परवानगीचे तत्त्व सोडलेले नाही. हे सारे योग्यच आहे. परंतु ‘बूस्टर लावू नका’ एवढे सांगून शासनाचे कर्तव्य संपते काय? नळाला मोटार लावणाऱ्यास दंड करणाऱ्या पालिकेने आधी नळाला पाणी सोडावयास हवे, असे आपण म्हणतोच. तोच न्याय येथेही लागू केला पाहिजे.

वैध उपाय आहेत. ऑप्टिकल फायबरने इमारतीत संकेत आणून प्रत्येक मजल्याच्या छतावर लहान अँटेना बसविण्याची पद्धत आता सर्वपरिचित आहे. अशी एकच यंत्रणा सर्व कंपन्यांना सामाईकपणे वापरता येते. घरगुती गरजेसाठी वाय-फायवरून संभाषण करण्याची सोय २०१९-२० पासून भारतात खासगी कंपन्यांनी उपलब्ध केली. मोबाईलमधील एक कळ चालू केली की, घरातील ब्रॉडबँडवरून साधा फोन लागतो. बूस्टरवर हजारो रुपये घालविणाऱ्या कित्येकांच्या खिशात हा उपाय आधीच पडून असतो. तो त्यांना कोणी सांगितलेला नसतो, एवढेच.

खरी अडचण तंत्राची नाही. खर्च कोणी सोसावा, याची आहे. मुंबईच्या भुयारी मेट्रोचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. आरे ते कफ परेड या सुमारे ३३ किलोमीटरच्या मार्गाचा पहिला टप्पा ७ ऑक्टोबर २०२४ रोजी सुरू झाला आणि वर्षभराने, ऑक्टोबर २०२५ मध्ये, तो संपूर्ण खुला झाला. देशाच्या आर्थिक राजधानीतील या अद्ययावत गाडीत बसलेल्या प्रवाशांचे मोबाईल भुयारात शिरताच बंद पडत. मेट्रो महामंडळाने सामाईक यंत्रणेचे काम त्रयस्थ संस्थेकडे सोपविलेले. तिचे शुल्क मोबाईल कंपन्यांना अवाजवी वाटलेले. आपली यंत्रणा आपणच उभारू, असे त्यांचे म्हणणे. या वादात कोण बरोबर, याचा निवाडा करण्याचे येथे कारण नाही. बोगदे खोदण्याआधी जो करार व्हावयास हवा होता, तो गाड्या धावू लागल्यावरही झाला नव्हता, हे लक्षात घेतले तरी पुरे.

जे मुंबईत भुयाराखाली घडले, तेच लहान प्रमाणावर आपल्या प्रत्येक नव्या इमारतीत घडत आहे. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२४ मध्ये इमारतींना डिजिटल जोडणीच्या कसोटीवर तारांकित श्रेणी देण्याची नियमावली जारी केली. पाऊल स्वागतार्ह आहे. परंतु ही श्रेणी घेणे ऐच्छिक आहे. पुण्या-मुंबईच्या आलिशान संकुलांना ते तारे जाहिरातीसाठी उपयोगी पडतील. सोलापूरच्या कचेरीत ताटकळणाऱ्या मावशींना त्यांचा काय लाभ?

काय करता येईल

पहिले काम मोजणीचे. जिल्ह्यातील शासकीय कार्यालये, रुग्णालये, शाळा व बँका यांच्या प्रत्येक मजल्यावर, प्रत्येक कंपनीची रेंज किती आहे, हे मोजून जाहीर करावे. त्यासाठी परदेशी तज्ज्ञांची आवश्यकता नाही. येथील अभियांत्रिकी महाविद्यालयांचे विद्यार्थी हे काम एका सत्रात करू शकतील. सेवा कोठे आहे, याचे नकाशे कंपन्या प्रसिद्ध करतात. परंतु नकाशावरचा रंग भिंतीच्या आतले सांगत नाही.

दुसरे, ज्या इमारतीत यावेच लागते, त्या इमारतीत रेंज असलीच पाहिजे, हे तत्त्व मान्य व्हावे. सार्वजनिक इमारतींत कंपन्यांना जागा व वीज विनामूल्य द्यावी आणि बदल्यात सर्व कंपन्यांना, भारत संचार निगमलाही, खुली असलेली एकच सामाईक यंत्रणा मागावी. नव्या बांधकामांत पर्जन्यजल संधारणाचा आग्रह आपण धरतो. त्याच न्यायाने केबलसाठी मार्ग व यंत्रांसाठी कोनाडा ठेवल्याखेरीज मोठ्या संकुलास परवानगी देऊ नये. बांधतानाचा हा किरकोळ खर्च नंतर भिंती फोडताना कितीतरी पटींनी वाढतो.

तिसरे, टॉवरविषयीचे भय विवेकाने तपासावे. २०१२ साली भारताने टॉवरच्या प्रारणाची मर्यादा आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक-दशांशावर आणली. रेंज क्षीण असते तेव्हा आपला मोबाईल टॉवरपर्यंत पोहोचण्यासाठी पूर्ण जोर लावतो, आणि तो आपल्या कानाशी असतो. टॉवर गल्लीतून हुसकावून लावणे आणि घरात बूस्टर बसविणे, या दोन गोष्टी एकाच घराने कराव्यात, हे शहाणपणाचे लक्षण नव्हे.

आणि चौथे, सर्वांत तातडीचे: रेंज नसणे हा नागरिकाचा दोष मानू नये. जेथे आकडा पोहोचत नाही, तेथे अंगठ्याची वा अन्य पडताळणीची पर्यायी सोय हवी; किमान जिना चढून येण्याइतकी मुदत हवी. यास यंत्रणा लागत नाही, थोडी कणव लागते.

हा प्रश्न केवळ कागदपत्रांचा नाही. १८ मे २०२५ रोजी अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहतीत कारखान्याला लागलेल्या आगीत आठ जणांचा बळी गेला. त्या दुर्घटनेचा संबंध या विषयाशी जोडण्याचा हेतू नाही. परंतु या गावात पत्र्याखाली रात्रपाळी करणारी असंख्य माणसे आहेत; संकटाच्या क्षणी त्यांच्या खिशातून ११२ हा क्रमांक लागेल काय, हे कोणी तपासून पाहिले आहे, असे वाटत नाही.

गल्लीतल्या मोटारी दंडाने थांबत नाहीत; नळाला पुरेसे पाणी आले की त्या आपोआप थांबतात. लहरींचेही तसेच आहे. त्या कोणा एकाच्या मालकीच्या नाहीत. साऱ्या जनतेच्या वतीने शासन त्या कंपन्यांना वापरावयास देते आणि त्यापोटी मोठ्या रकमा घेते. ज्या जनतेच्या नावाने हा सौदा होतो, तिला आपलाच आकडा ऐकण्यासाठी लिंबाखाली उभे राहावे लागू नये, एवढी माफक अपेक्षा करण्यास हरकत नसावी.