मावशी, तू ये ना... आईला नको सांगू!

सकाळचे पावणेअकरा. एफसी रोडवरच्या कॅफेत मी दुसरी कॉफी मागवून बसलेली. साडेबाराची डेडलाइन आणि लेखाचे जेमतेम दोन पॅरेग्राफ झालेले. (विषय होता ‘पावसाळ्यात केसांची काळजी’. हसू नका, फ्रीलान्सरलाही घरभाडं भरावं लागतं.) तेवढ्यात एका अनोळखी लँडलाइनवरून फोन. क्रेडिट कार्डवाले असणार म्हणून कट करणारच होते...

‘‘मावशी, मी बोलतेय. शाळेच्या ऑफिसातून. तू ये ना मला घ्यायला. आणि आईला नको सांगू.’’

दहावीतली मुलगी असं म्हणाली की डोक्यात काय काय येऊन जातं! रिक्षा नळ स्टॉपला पोहोचेपर्यंत माझ्या मनात दोन बॉयफ्रेंड, एक मोबाइल जप्ती आणि एक कॉपी प्रकरण होऊन गेलं होतं.

निघालं भलतंच. ऑफिसशेजारच्या खोलीत एका बाकावर आमच्या मॅडम दप्तर पोटाशी धरून अंगाचं मुटकुळं करून पडलेल्या. (नाव छापायचं नाही, ही तिची अट. म्हणून आपण तिला मॅडमच म्हणू. तिला आवडेल.) चेहरा पांढराफटक, कपाळावर घाम, दोनदा उलटी झालेली. बीजगणिताची युनिट टेस्ट अर्धी टाकून ती बाहेर आली होती. पाळीचा पहिला दिवस.

‘‘दर महिन्याला हिचं असंच असतं,’’ बाई म्हणाल्या. ‘‘अहो, आम्हालाही येते की पाळी. आम्ही शिकवतोच ना?’’

रिक्षात मी विचारलं, आईला का नको सांगू? खिडकीबाहेर बघत म्हणाली, ‘‘आई म्हणणार, एवढं काय त्यात. सगळ्यांनाच होतं.’’

खरं सांगू? मला तेव्हा ताईचा राग यायला हवा होता. आला नाही. कारण दोनच महिन्यांपूर्वी, एका लग्नात, हीच मुलगी माझ्याजवळ येऊन ‘पोट खूप दुखतंय’ म्हणाली होती. आणि मी काय केलं होतं? पर्समधून गोळी काढून तिच्या हातावर ठेवली आणि म्हटलं, ‘‘घे आणि विसरून जा. फोटो काढायचेत.’’

आपल्या सगळ्यांच्या ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये ती स्ट्रिप असतेच. स्टेपलर आणि सॉसच्या पाकिटांच्या शेजारी. कुणाला कळवळताना पाहिलं की आपण ती पुढे करतो आणि पुन्हा एक्सेल शीट उघडतो. (मुलांनो, पान उलटू नका. तुमच्या शेजारच्या डेस्कचीच गोष्ट चाललीय.)

ही गोष्ट जुलै २०२४ ची. त्या संध्याकाळी मी ताईकडे गेले. भांडायच्या तयारीतच.

आता ताई काही खलनायिका नाही हं. बँकेत नोकरी, सकाळी सहाला डबे, मुलीच्या क्लासच्या वेळा तोंडपाठ. पण पाळीचा विषय निघाला की तिच्या तोंडून आमच्या आईचीच वाक्यं बाहेर पडतात. ‘‘मी नाही का काढलं? कॉलेजात तर मी चक्कर येऊन पडायचे. लग्नानंतर कमी होतं सगळं.’’ घरात उपायांची कमतरता नव्हती. ओवा, गूळ, बाळंतशेपा आणि वरून ‘मन दुसरीकडे गुंतव’. ताईच्या सासूबाई टीव्हीवरची नजर न काढता म्हणाल्या, ‘‘आम्हाला चार दिवस बाजूला बसवायचे. वाईटच ते. पण तेवढीच पाठ तरी टेकायला मिळायची. हिला तर तेही नाही.’’ यावर ताई गप्प झाली आणि माझं काम सोपं झालं.

तरी स्त्रीरोगतज्ज्ञाकडे जायचं म्हटल्यावर फाटे फुटलेच. या वयात? वेटिंग रूममध्ये कुणी ओळखीचं भेटलं तर? आणि मॅडमची वेगळीच भीती, जी तिने आईला नाही, मला कानात सांगितली : ‘‘आतून तपासतात का गं?’’ हीच भीती तुमच्या घरातल्या कुणाला असेल तर आधीच सांगून टाका. या वयाच्या मुलीला सहसा तशी तपासणी लागत नाही. प्रश्न विचारतात, वरून पोट तपासतात. सोनोग्राफीही पोटावरूनच होते, भरपूर पाणी पिऊन.

डॉक्टरबाईंनी सगळ्यात आधी काय केलं असेल, तर आम्हा दोघींना गप्प बसवलं. ‘‘तिला बोलू दे.’’ मग एकेक प्रश्न. कधीपासून दुखतं? पाळी सुरू झाली तेव्हा नव्हतं, साधारण वर्षभराने लागलं. किती दिवस? दोन, कधी तीन. शाळा किती बुडते? इथे मॅडमनी बोटं मोजली. गेल्या सहा महिन्यांत सात दिवस. ताई माझ्याकडे बघायला लागली. तिला चारच माहीत होते. बाकीचे दिवस मॅडम शाळेच्या त्या बाकावर झोपून काढत होती.

मग डॉक्टरांनी कागदावर गर्भाशयाचं चित्र काढलं. पाळीच्या वेळी अस्तर सुटायला लागतं तेव्हा त्यातून प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायनं बाहेर पडतात. त्यांच्यामुळे गर्भाशय आवळलं जातं. ती जास्त झाली तर ते इतकं आवळलं जातं की त्याच्या स्नायूंचा रक्तपुरवठाच काही वेळ कमी पडतो. मग कळा. ती रसायनं आतड्यांवरही काम करतात, म्हणून उलट्या आणि जुलाब. ‘‘म्हणजे मी नाटक करत नव्हते,’’ मॅडम म्हणाली. प्रश्न नव्हता तो. डॉक्टर म्हणाल्या, ‘‘नाही बाळा.’’

आणि मग त्यांनी अगदी सहज विचारलं, ‘‘घरात कुणाला असा त्रास? आई, मावशी?’’

मी नाही म्हटलं. मला दुखतं, पण इतकं नाही. ताई काहीच बोलेना. पंखा फिरत होता. मग हळूच म्हणाली, ‘‘माझं २०१६ मध्ये ऑपरेशन झालंय. चॉकलेट सिस्टचं.’’

मला ते ऑपरेशन आठवत होतं. दुसऱ्या मुलासाठी प्रयत्न चालले होते, काही होत नव्हतं, तपासणीत बीजकोशावर गाठ निघाली. घरात सगळ्यांनी ते ‘गाठीचं ऑपरेशन’ म्हणूनच लक्षात ठेवलं. चॉकलेट सिस्ट म्हणजे एंडोमेट्रिओसिस. गर्भाशयाच्या अस्तरासारख्या पेशी भलत्याच ठिकाणी वाढतात, बीजकोशात वाढल्या तर तिथे जुनं रक्त साठत जातं, म्हणून तो चॉकलेटसारखा रंग. कॉलेजात चक्कर येऊन पडणारी ताई आणि ती गाठ, हे दोन ठिपके आमच्यापैकी कुणीच जोडले नव्हते. आणि आई किंवा बहिणीला हा आजार असेल तर मुलीला तो असण्याची शक्यता वाढते, हे तर आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार पाळी येण्याच्या वयातल्या जवळपास १० टक्के, म्हणजे १९ कोटी मुली आणि बायकांना हा आजार आहे. निदान व्हायला बहुतेकींची कित्येक वर्षं जातात. कारण तेच, ‘सगळ्यांनाच होतं’.

लगेच घाबरून जाऊ नका, असं डॉक्टरांनी आम्हाला बजावलं, तसं मीही तुम्हाला बजावते. या वयातल्या बहुतेक मुलींच्या दुखण्यामागे काहीही आजार नसतो. मॅडमची सोनोग्राफी नॉर्मल आली. पण गंमत अशी की रिपोर्ट बघून ती हिरमुसली. आता पुन्हा कुणी विश्वास ठेवणार नाही, असं वाटलं असणार. डॉक्टरांनी तेही ओळखलं. म्हणाल्या, सोनोग्राफीत न दिसणारा एंडोमेट्रिओसिसही असतो. रिपोर्ट नॉर्मल म्हणजे दुखणं खोटं, असं होत नाही.

पहिल्या तीन महिन्यांचं काम साधं होतं. भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोज दुखण्याला शून्य ते दहापैकी एक आकडा. उलटी, जुलाब, शाळा बुडाली तर खूण. आणि गोळी, पण वेळेवर. इथे माझे डोळे उघडले. आयबुप्रोफेन, नॅप्रोक्सेन, मेफेनॅमिक ॲसिड या गोळ्या प्रोस्टाग्लँडिन तयारच होऊ देत नाहीत. म्हणजे दुखणं टिपेला पोहोचल्यावर घेतली की अर्धी बस सुटलेली असते. आपण काय करतो? ‘अजून थोडं सहन करू’ म्हणत चार तास काढतो, मग गोळी घेतो आणि ‘मला गोळ्यांचा काही उपयोग होत नाही’ म्हणतो. डॉक्टरांनी सांगितलं, पहिली चाहूल लागली की पोटात काहीतरी खाऊन गोळी घ्यायची आणि पुढचे दोन दिवस घड्याळ बघून, ठरवून दिलेल्या अंतराने. डोस मात्र त्यांनीच ठरवून दिला. दमा, ॲसिडिटीचा जुना त्रास, किडनीची तक्रार असेल तर या गोळ्या मनाने घ्यायच्याच नाहीत. २०२३ च्या अखेरीस इंडियन फार्माकोपिया कमिशनने मेफेनॅमिक ॲसिडबद्दल खास सूचना काढली होती. क्वचित कुणाला त्याची गंभीर रिॲक्शन येते. ताप, अंगावर पुरळ दिसलं तर गोळी बंद करून डॉक्टर गाठायचा. लग्नात हातावर ठेवलेली ती गोळी मला तेव्हा आठवली. तिला कसली ॲलर्जी आहे का, हेही मी विचारलं नव्हतं.

शेकायची पिशवी मात्र आजीबाईंचा उपाय म्हणून हसण्यावारी नेऊ नका. २००१ मध्ये अमेरिकेत झालेल्या एका चाचणीत ओटीपोटावर सतत ठेवलेली ३९ अंशांच्या आसपासची ऊब आयबुप्रोफेनच्या तोडीस तोड ठरली होती. पिशवी भरायचं खातं जिजूंकडे आलं. आधी विषय निघाला की ‘मी जरा खाली जाऊन येतो’ म्हणणारा माणूस! आता केमिस्टने पॅड काळ्या पिशवीत घातले की ते काढून हातात घेऊन येतात. (सोसायटीच्या लिफ्टमध्येसुद्धा. मॅडमला याचा भयंकर ऑकवर्डनेस येतो, पण तो वेगळा लेख.)

आकडे उतरले, पण पुरेसे नाहीत. नऊवरून सात, पुन्हा आठ. नोव्हेंबरमध्ये डॉक्टरांनी पुढची पायरी काढली : हार्मोनच्या गोळ्या. घरात बॉम्ब फुटला.

‘‘कुटुंबनियोजनाच्या गोळ्या? दहावीतल्या मुलीला?’’ ताईचा आवाज मला फोनवर दुसऱ्या खोलीपर्यंत ऐकू गेला असता. उद्या मूल झालं नाही तर? लोक काय म्हणतील? डॉक्टरांनी न चिडता सगळं पुन्हा सांगितलं. या गोळ्यांनी अस्तर पातळ राहतं, अस्तर पातळ म्हणजे प्रोस्टाग्लँडिन कमी, म्हणजे कळा कमी. गोळ्या थांबवल्या की शरीर आपल्या मूळ चक्रावर येतं. पुढे मूल होण्यात त्या आड येत नाहीत. देण्याआधी त्यांनी मायग्रेनबद्दल, घरात कुणाला रक्ताच्या गुठळ्या झाल्यात का, हे नीट विचारून घेतलं. आणि यानेही फरक पडला नाही तर दुर्बिणीतून पाहावं लागेल, हेही सांगितलं. अमेरिकेतल्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१८ मध्ये हेच लिहून ठेवलंय. या दोन्ही प्रकारच्या गोळ्यांना ज्या मुलींचं दुखणं दाद देत नाही, त्यांच्यापैकी निदान दोन तृतीयांश मुलींत दुर्बिणीखाली एंडोमेट्रिओसिस सापडतो.

दोन दिवस ताई काही बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तीच केमिस्टकडे गेली.

शाळेचं प्रकरणही तिनेच हातात घेतलं. डॉक्टरांची चिठ्ठी, सोबत कॅलेंडरची झेरॉक्स. मी तिला मसाला पुरवला होता : कोचीन संस्थानातल्या त्रिपुणीतुरा इथल्या मुलींच्या सरकारी शाळेत १९१२ मध्ये पाळीमुळे वार्षिक परीक्षा चुकली तर ती नंतर देता यायची. शंभरहून जास्त वर्षं झाली की हो! बिहारमध्ये सरकारी नोकरीतल्या बायकांना १९९२ पासून महिन्याला दोन दिवस रजा आहे. कोचीन विद्यापीठाने जानेवारी २०२३ मध्ये विद्यार्थिनींना हजेरीत दोन टक्क्यांची सूट दिली. कर्नाटक मंत्रिमंडळाने ऑक्टोबर २०२५ मध्ये खासगी कंपन्यांसह सगळीकडे वर्षाला बारा दिवसांची पगारी रजा मंजूर केली. तेव्हा मात्र यातलं शेवटचं अजून घडायचं होतं. त्या बाईंनी काय करावं? चिठ्ठी वाचली, कॅलेंडर बराच वेळ बघितलं, आणि म्हणाल्या, ‘‘युनिट टेस्ट परत घेते. आणि त्या डॉक्टरांचा नंबर द्याल?’’

दुखणं गेलं का? नाही गेलं. आठाचं चार झालं, कधी तीन. बोर्डाच्या परीक्षेत एका पेपरला गाठ पडलीच. मॅडम नाश्ता करून, गोळी घेऊन, कमरेला हीट पॅच लावून गेली आणि पेपर पूर्ण सोडवून आली. मार्क सांगायला परवानगी नाही. दर सहा महिन्यांनी डॉक्टरांकडे जायचं असतं. दुर्बिणीचा प्रश्न अजून उघडा आहे.

मागच्या रविवारी ताईकडे जेवायला गेले होते. फ्रिजशेजारी तेच कॅलेंडर, नव्या वर्षाचं. मॅडमचे आकडे जांभळ्या पेनाने. आणि त्यांच्याखाली, पेन्सिलने, बारीक अक्षरात आणखी काही आकडे. सहा. आठ. आठ. सात.

‘‘हे कुणाचे?’’ मी विचारलं.

ताई पोळी लाटत होती. मॅडमनेच उत्तर दिलं. ‘‘आईचे. तिची अपॉइंटमेंट मी घेतलीय, गुरुवारची. तू येशील ना बरोबर?’’