रक्ताची गाळणी

अंगावर चार पुटकुळ्या उठल्या की आपल्याकडची वडीलधारी माणसे म्हणत, "रक्त बिघडलंय, कडुलिंबाचा पाला खा." या समजुतीत वाढलेल्या माणसाला कोणी सांगितले की जपानात यंत्रातून रक्त गाळून आतड्याचे दुखणे आवरतात, तर ते त्याला चटकन पटते. आमच्या सोलापूरच्या घरात तसेच झाले.

माझा भाचा तीन वर्षे शौचावाटे रक्त जाण्याने बेजार आहे. पहिले वर्ष आव आणि मूळव्याध यांच्या औषधांत गेले. मग दुर्बिणीने तपासणी झाली. मोठ्या आतड्याच्या अस्तराला सूज आणि व्रण. डॉक्टरी भाषेत अल्सरेटिव्ह कोलायटिस. कडक भाकरी आणि शेंगाचटणी खाऊन वाढलेला मुलगा मऊ भातावर आला. स्टेरॉइडने रक्त थांबले, पण चेहरा सुजून गोल झाला आणि गोळी कमी केली की दुखणे परत. परवा बहीण म्हणाली, "दादा, याला जपानला नेऊ या. मी पाटल्या मोडते."

पाटल्या मोडण्यापूर्वी वाचून तरी पाहावे, म्हणून बसलो.

मूत्रपिंड निकामी झालेल्यांचे डायालिसिस आता सर्वांना ठाऊक आहे. विलेम कोल्फ या डच डॉक्टराने 1943 साली सॉसेजच्या सेलोफेन आवरणाच्या नळ्या वापरून ते यंत्र उभे केले. तिथे रक्तातली घाण खरोखरच बाहेर काढतात. आतड्याच्या या आजारात मात्र रक्तात घाण नसते! शरीराचेच शिपाई, म्हणजे काही पांढऱ्या पेशी, आतड्यात शिरून घरच्याच भिंती फोडत असतात. जपानी गाळणी ते शिपाई पकडते. एका हातातून रक्त घ्यायचे, बारीक मण्यांनी भरलेल्या नळकांड्यातून न्यायचे आणि दुसऱ्या हातात परत सोडायचे. मिनिटाला 30 मिलिलिटर याप्रमाणे तासात पावणेदोन लिटरांच्या वर रक्त फिरते. असे साधारण आठवड्यातून एकदा, पाच किंवा अधिक वेळा. मणी सेल्युलोज अॅसिटेटचे. चादरींच्या गावात राहणाऱ्या मला याची गंमत वाटली, कारण कापसाचा धागाही मुळात सेल्युलोजच.

जपानात हा उपचार रूढ आहे, विम्यातही बसतो. त्रास फारसा होत नाही, डोके दुखणे वगैरे किरकोळ. इथवर वाचून मीही हुरळलो होतो.

पुढचे वाचन मात्र थंड पाण्यासारखे होते. अमेरिकेतल्या व कॅनडातल्या 168 रोग्यांवर झालेल्या चाचणीचा निकाल 2008 साली छापून आला. काहींचे रक्त खरोखर गाळले, काहींच्या बाबतीत उपचाराचा हुबेहूब देखावा केला. कोणाला काय मिळाले हे रोग्यांना माहीत नव्हते. बारा आठवड्यांनी खऱ्या गाळणीतल्या शंभरात 17 जणांचे दुखणे शमले, देखाव्यातल्या शंभरात 11 जणांचे. एवढा फरक योगायोगानेही पडू शकतो, असे गणित सांगते. हा आजार आपोआप उसळतो आणि आपोआप निवळतोही, म्हणून शेजारच्या कोणाला गुण आला एवढ्यावर भरवसा ठेवता येत नाही. जपानी डॉक्टर खोटे बोलतात असे मी म्हणत नाही. काहींना लाभ होत असेलही. पण घर मोडून जावे इतका पुरावा मला दिसला नाही.

बहिणीला हे सांगताना माझाच जीव कासावीस झाला. ती म्हणाली, "मग काहीच नाही का रे?"

आहे. तेही इथेच. मेसालामीनची गोळी तोंडाने घेण्याबरोबर तेच औषध गुदद्वारातूनही घेतले तर ते सुजलेल्या जागी थेट पोचते. भाचा लाजेपायी हा दुसरा भाग टाळत होता, हे परवा कळले. त्यानेही न भागल्यास इन्फ्लिक्सिमॅबसारखी सुई आहे. मात्र ती देण्याआधी क्षयाचे जंतू अंगात दडलेले नाहीत ना, हे पाहावे लागते, कारण त्या औषधाने दबलेला क्षय उसळू शकतो. आपल्या देशात ही तपासणी कोणी टाळू नये.

भाच्याच्या छातीचा फोटो सोमवारी काढायचा आहे.