भिंतीत दडलेला दोष

आजकाल घरातील विजेच्या तारा बहुधा भिंतीच्या आत, नळ्यांमधून नेलेल्या असतात. त्यामुळे घर नीटनेटके दिसते; परंतु तारेत बिघाड झाला, तर तो डोळ्यांना दिसत नाही. मग भिंत न फोडता वायरमन तो शोधून काढतो तरी कसा?

वैद्य जशी नाडी पाहतो, तसा तो प्रथम लक्षणे पाहतो. दिवा मधूनच लुकलुकतो काय? बटणाची पाटी हाताला ऊन लागते काय? करपल्याचा वास येतो काय? पावसाळ्यात ओलसर भिंतीला हात लागताच झिणझिण्या येतात काय?

दोन तारा उघड्या पडून एकमेकींना भिडल्या, तर प्रवाह एकाएकी वाढतो आणि फ्यूजची तार वितळते. हा दोष मोठा खरा, पण तो स्वतःच आपली वर्दी देतो. फ्यूज वारंवार जातो म्हणून काही लोक त्यात जाड तार बसवितात; हे म्हणजे चोराची चाहूल लागून भुंकणाऱ्या कुत्र्याचे तोंड बांधण्यासारखेच होय!

सैल सांधा मात्र लबाड असतो. तेथे प्रवाह वाढत नाही, म्हणून फ्यूज शाबूत राहतो. पण सांध्यापाशी रोध वाढल्यामुळे तेवढीच जागा तापत राहते, आवरण करपते आणि एखादे दिवशी आग लागते.

गळती तर याहूनही घातक. तारेचे आवरण तडकून भिंतीत ओल शिरली, की थोडा प्रवाह भिंतीत झिरपू लागतो. ५ अँपिअरच्या फ्यूजला ०.०३ अँपिअरची गळती कळतही नाही. परंतु तेवढा प्रवाह शरीरातून काही वेळ वाहिला, तर माणसाच्या प्राणावर बेतू शकते. म्हणून हल्ली गळती ओळखणारा निराळा स्विच बसवितात. जाणारा व परत येणारा प्रवाह यांत एवढा फरक पडताच तो क्षणार्धात वीज तोडतो.

वीज तुटली, पण गळती कोठे आहे? मुख्य स्विच बंद करून आणि दिवे, पंखे व इतर उपकरणे सोडवून वायरमन मेगर नावाचे यंत्र जोडतो. ते तारेवर ५०० व्होल्टचा दाब देऊन आवरणाचा रोध मोजते. आवरण धड असेल, तर तो कित्येक मेगओहम, म्हणजे कित्येक दशलक्ष ओहम भरतो. १ मेगओहमच्या खाली गेला, की संशय पक्का झाला. मग घरातील एकेक शाखा सुटी करून तो मोजतो. स्वयंपाकघर ठीक, माजघर ठीक, न्हाणीघर सदोष! त्या शाखेचा मधला सांधा सोडला, की तिचे दोन भाग होतात. ज्या भागात दोष आढळेल, त्याचे पुन्हा दोन. शाखेत आठ तुकडे असले, तरी अशा तीन मापनांत सदोष तुकडा हाती लागतो.

मग त्या तुकड्याच्या टोकाला नवी तार बांधून दुसऱ्या टोकाने ओढतात. नळीतून जुनी तार बाहेर येते, तिच्यामागून नवी आत जाते, आणि तडकलेले आवरण प्रथमच उजेडात दिसते.