बारीक दोरी, मोठा मासा : गळाच्या काठीचा वाक

कोकणच्या किनाऱ्यावर खडकांवर उभे राहून मासे गरवणारी माणसे तुम्ही पाहिली असतील. कोणी नुसता तंगूस हाताला गुंडाळलेला असतो, कोणाकडे बांबूची काठी असते, तर कोणाकडे रीळ बसवलेली नवी काठी. खाऱ्या पाण्यातला चार किलोग्रॅमचा मासा गळाला लागला की जिवाच्या आकांताने पळतो. तरीही शिवणाच्या दोऱ्याहून थोडीच जाड असलेली दोरी पुष्कळदा तुटत नाही. असे का होते? याचे उत्तर मुख्यतः काठीच्या वाकण्यात आहे.

एक सोपे गणित करू. ४ किलोग्रॅम वस्तुमानाचा मासा सेकंदाला ३ मीटर वेगाने पळत आहे. त्याची गतिज ऊर्जा, म्हणजे वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग भागिले २, ही १८ ज्यूल होते. मासा थांबवायचा तर ही ऊर्जा कोठेतरी सामावली पाहिजे. काठी ताठ असून काठी व दोरी मिळून ३० सेंटिमीटरच नमली, तर स्प्रिंगच्या नियमाने दोरीवरचा ताण १२० न्यूटनपर्यंत चढेल. म्हणजे सुमारे १२ किलोग्रॅम वजन टांगल्यासारखे! तीच जोडी १२० सेंटिमीटर नमली, तर ताण फक्त ३० न्यूटन होईल. दोरी ८ किलोग्रॅम वजन पेलणारी असेल, तर पहिल्या प्रसंगी ती तुटेल आणि दुसऱ्या प्रसंगी सहज टिकेल. मासा पळताना शेपटीने आणखी जोर लावतो, तो हिशेब येथे सोडून दिला आहे. परंतु तत्त्व तेच राहते. नमण्याचे अंतर चौपट झाले की ताण एक-चतुर्थांश होतो.

रिळाला घर्षणाचा ब्रेक असतो. दोरीच्या ताकदीच्या साधारण एक-चतुर्थांश ते एक-तृतीयांश ताण पडला की तो दोरी सोडू लागेल, असा तो लावतात. मग काठीने वाकण्याची गरज काय? गरज आहे, कारण स्थिर रीळ फिरू लागायला क्षणभर लागतो, आणि सरकू लागण्यापूर्वीचे घर्षण सरकतानाच्या घर्षणापेक्षा अधिक असते. त्या क्षणाचा हिसका काठीलाच झेलावा लागतो.

आता काठी कोठे वाकते ते पाहू. सर्व काठ्या सारख्या वाकत नाहीत. काहींचा फक्त शेंड्याकडचा तिसरा-चौथा हिस्सा वाकतो. त्यांना ‘फास्ट अ‍ॅक्शन’ म्हणतात. आपण त्याला शेंडेवाक म्हणू. काही निम्म्यापर्यंत वाकतात, तो मध्यवाक. आणि काही थेट मुठीपर्यंत कमानीसारख्या वाकतात, तो पूर्णवाक. हा गुण काठीच्या ताकदीहून वेगळा आहे. काठी वाकवायला किती बल लागते ते ताकद सांगते; ती कोठे वाकते ते वाक सांगतो. दुकानात काठी निवडताना या दोन गोष्टींची गल्लत होऊ देऊ नये.

वाक ठरतो तो मुख्यतः काठीच्या निमुळतेपणावरून. भरीव गोल काठीचा व्यास दुप्पट केला तर तिचा ताठपणा १६ पट होतो. म्हणून बुंध्याकडून शेंड्याकडे काठी झपाट्याने बारीक होत गेली की वाक शेंड्यातच राहतो, आणि हळूहळू बारीक झाली की तो खाली पसरतो. काठी कशाची आहे यालाही महत्त्व आहे. पूर्वी बांबूच्या सहा त्रिकोणी पट्ट्या चिकटवून षटकोनी काठ्या करीत. दुसऱ्या महायुद्धानंतर काचतंतूंच्या काठ्या आल्या आणि १९७० च्या दशकात कार्बनतंतूंच्या. कार्बनतंतू काचतंतूंपेक्षा हलके व अधिक ताठ असतात. वाकलेली काठी चटकन सरळ होते. काचतंतू मात्र तुटण्यापूर्वी अधिक ताणले जातात, म्हणून ती काठी धसमुसळा वापर जास्त सोसते.

काठी ही तरफही आहे. खालचा हात टेकू, वरचा हात बल लावणारा आणि शेंड्याला भार. काठी ३ मीटर लांब असून दोन हातांत ५० सेंटिमीटर अंतर असेल, तर शेंड्यावरच्या ३० न्यूटन ओढीसाठी वरच्या हाताला १८० न्यूटन बल लावावे लागते. काठी कमानीसारखी वाकून भारभुजा दीड मीटर झाली, तर ९० न्यूटन पुरतात. वाकणारी काठी दोरीला वाचवते, तशीच हातांनाही!

मग पूर्णवाकाची काठीच सर्वांत चांगली का? तसे नाही. तांबोशी गळाला लागताच खडकाच्या कपारीकडे धावते. तिला तेथेच वळवायचे असेल, तर बुंधा ताठ असलेली शेंडेवाकाची काठी हवी. लाकडाचे वा प्लॅस्टिकचे खोटे आमिष नाचवतानाही अशी काठी हाताचा इशारा चटकन पोहोचवते. पुळणीवरून कोळंबीचे मऊ आमिष व शिसे लांब फेकायचे असेल, तर लांब, मध्यवाकाची काठी बरी. ती ऊर्जा सावकाश साठवून सोडते आणि आमिष गळावरून निसटत नाही. वर्तुळाकार गळ हिसक्याने नव्हे, तर संथ ओढीने माशाच्या जबड्याच्या कोपऱ्यात रुततो. त्यालाही मऊ काठीच मानवते. दोरीचाही विचार हवा. नायलॉनची दोरी स्वतः बरीच ताणली जाते, पण हल्लीची पॉलिएथिलीनची विणलेली दोरी जवळजवळ ताणली जातच नाही. अशा दोरीला अतिशय ताठ काठी जोडली, तर नमायचे कोणी? थोडक्यात, काठी, दोरी, गळ आणि मासा यांचा विचार एकत्रच करावा.

हे सर्व घरी पडताळून पाहा. खराट्याचा एक हीर घ्या. त्याचे जाड टोक टेबलाच्या कडेला घट्ट दाबून धरा आणि बारीक टोकाला दोऱ्याने एक लहान नाणे बांधा. वाक शेंड्याकडे दिसेल. आता हीर उलटा धरा. तो पकडीजवळच वाकेल. नंतर प्लॅस्टिकची पट्टी कडेबाहेर १० सेंटिमीटर काढून टोकाला वजन लावा आणि टोक किती खाली येते ते मोजा. त्याच वजनाने पट्टी २० सेंटिमीटर बाहेर काढून पुन्हा मोजा. लांबी दुप्पट, तर वाक सुमारे आठपट! वहीत दोन्ही मापे लिहा व गुणोत्तर काढा.

एक सूचना लक्षात ठेवावी. कार्बनतंतूंतून वीज वाहते. म्हणून विजेच्या तारांखाली किंवा आभाळात विजा चमकत असताना अशी काठी हाती धरू नये. मासा मिळाला नाही तर उद्या मिळेल.